कडेकडेनं

‘वाट’ या विषयावर लिहा, असं संपादक म्हणाले तेव्हा त्यांच्या मनात बहुधा एखादी डोंगरातली पायवाट असावी. मी त्यांना अकोला–हिंगोली सडक सांगितली. फोनवर पलीकडून जरा वेळ काही आवाज आला नाही. ही सडक आता राष्ट्रीय महामार्ग क्रमांक 161 आहे. अकोल्याहून निघून पातूर, मेडशी, मालेगाव, वाशीम, हिंगोली, नांदेड, देगलूर करत ती तेलंगणात संगारेड्डीला पोचते. चौपदरी आहे, दुभाजक आहे, रात्रंदिवस कंटेनर धावतात. निसर्ग बघत रमतगमत फिरायला जावं अशी जागा नव्हे.

पण जुनी सडक उतार, ओढा, विहीर, गावाची वेस बघून वळणं घेत जायची. चौपदरीकरणाने सरळ रेघ ओढली आणि ती वळणं बाजूला पडली. कुठे दोनशे पावलांची, कुठे गावाला बाह्यवळण दिल्यामुळे चांगली मैल-दोन मैलांची. डांबर आहे, मोठाली झाडं आहेत, आणि वाहनं नाहीत. वाशीम जिल्ह्यातले असे तुकडे जोडत, मधलं अंतर एस.टी.ने किंवा कडेच्या शेतातून कापत, पातूरच्या घाटापासून पैनगंगेपर्यंत जायचं असं ठरवलं.

निघालो दसऱ्यानंतर. वऱ्हाडातली काळी माती पावसात फुगते, चिकटते. गाडीचं चाक तर सोडाच, माणसाचा पायही उचलत नाही. सडका होण्यापूर्वी पावसाळ्याचे चार महिने वाटा जवळजवळ बंद असत. फौजा, व्यापारी, यात्रेकरू सगळे दसऱ्याची वाट बघत. म्हणूनच जुन्या वाटा शक्यतो काळ्या रानातून न जाता मुरमाड, उंच धारेवरून जातात. तिथे पीक कमी, पण पाय रुततो कमी. या सडकेचंही बरंचसं असंच आहे. आमच्या वाटेवर सोयाबीनची सोंगणी उरकत आली होती आणि जमीन चालण्याजोगी टणक झाली होती.

खालचा मुलूख, वरचा मुलूख

अकोल्याकडून येताना पातूरपर्यंत सपाट आहे. पातूर घाटाच्या पायथ्याशी. इथे डोंगरात कोरलेली प्राचीन लेणी आहेत, शेख बाबूंचा दर्गा आहे. घाट चढण्याआधी मुक्काम पडे, त्या मुक्कामातून असं गाव वाढतं. इथून खाली पूर्णेचं खोरं, त्याला जुने कागद पाईनघाट म्हणतात, आणि वर बालाघाट. मोगलांच्या वऱ्हाड सुभ्याची ही दोन अंगं होती आणि गावकऱ्यांच्या बोलण्यात तो भेद अजून टिकून आहे. ‘खाली’ म्हणजे अकोल्याकडे, ‘वर’ म्हणजे वाशीमकडे. अकोला समुद्रसपाटीपासून पावणेतीनशे-एक मीटर उंचीवर आहे, वाशीम साडेपाचशेच्या आसपास. फरकातला मोठा भाग हा घाटच चढवतो.

घाटात रान बदलतं. पानगळीचं कोरडं जंगल. साग, सालई, धावडा, टेंभुर्णी, मधूनमधून मोह आणि बिबा. सागाच्या पानांना या दिवसांत जाळी पडलेली असते, अळ्यांनी हिरवा गर खाऊन शिरा ठेवलेल्या. उन्हात धरलं की पान चाळणीसारखं दिसतं. गाडीतून हे जंगल वाळल्यासारखं वाटतं. पायी गेलं की त्या जाळीखाली चाललेली लगबग कळते. पूर्वेला काटेपूर्णा अभयारण्य आहे, 1988 सालचं. त्यातल्या महानच्या धरणाचं पाणी अकोला शहर पितं.

घाटाच्या वर मेडशी आणि तिथून वाशीम जिल्हा. बाजूला पडलेल्या एका वळणावर शेळ्या चारणारे एक काका बसले होते. मला चालत येताना बघून उठले.

“गाडी बिघडली का भाऊ?”

“नाही काका, पायीच निघालोय.”

“कायले?”

याचं पटेल असं उत्तर माझ्याकडे नव्हतं. झाडं बघतोय म्हटलं. त्यांनी एकदा माझ्याकडे आणि एकदा वर बघितलं. “झाडं त तोडली नं सडकीवाल्यानं. हेच उरले. इथून सडक गेली नाई म्हून वाचले.” मग त्यांनी हाताने दाखवलं: हा निंब, ही चिंच, त्या तिकडे दोन वड. शेळ्यांसाठी ते वडाच्या डहाळ्या खाली ओढून देत होते. वडावर त्यांचंही काही फार प्रेम असावं असं वाटलं नाही, पण सावलीचा हिशोब त्यांना पक्का ठाऊक होता. उन्हाळ्यात कोणत्या वेळी कोणतं झाड धरायचं ते त्यांनी मला न विचारता सांगितलं.

पाणी कुठे वळतं

या चालण्यातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. मालेगाव सोडून वाशीमकडे येताना कुठेतरी आपण पाणलोटाची धार ओलांडतो. वाशीम तालुक्यातल्या काटा गावाजवळ उगवणारी काटेपूर्णा उत्तरेला वाहते, पूर्णेला मिळते, पूर्णा तापीला, आणि ते पाणी सुरतेपाशी अरबी समुद्रात जातं. दक्षिणेकडचे ओढे पैनगंगेला. पैनगंगा वर्धेला, मग प्राणहिता, गोदावरी आणि बंगालचा उपसागर. एकाच शेताच्या दोन बांधांवर पडलेली सर दोन समुद्रांना जाऊ शकते. अडाण आणि अरुणावतीही याच जिल्ह्यातून निघतात आणि पैनगंगेच्या कुळात सामील होतात.

ऐकायला हे भव्य वाटतं, राहायला अडचणीचं आहे. धारेवर राहणाऱ्याकडे पाणी येत नाही, त्याच्याकडून जातं. मोठी नदी उशाशी नसलेला मुलूख हा. म्हणून या सडकेवरच्या मुक्कामांचा हिशोब पाण्याचा आहे. पातूर, मेडशी, मालेगाव, वाशीम, कन्हेरगाव, हिंगोली. बहुतेक अंतरं पंधरा ते पंचवीस किलोमीटरच्या आतबाहेर, म्हणजे लादलेल्या बैलाची एक दिवसाची चाल. संध्याकाळी बैल सोडायचे तिथे विहीर, तळं किंवा झरा हवाच. आज या गावांत आठवडी बाजार भरतात, एस.टी. स्थानकं आहेत, पेट्रोल पंप आहेत. ट्रकला इतक्या जवळजवळ थांबायची गरज नाही, तरी चहाच्या टपऱ्या बैलाच्या अंतरावरच आहेत.

इंग्रजी अमदानीत या वाटेला पक्क्या सडकेचं रूप आलं. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवलं ते हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी, आणि त्या फौजेची एक मोठी छावणी हिंगोलीला होती. पुढे अकोल्यात रेल्वे आली. रेल्वेस्थानक आणि छावणी यांना जोडणारी सडक महत्त्वाची ठरणारच. 1903 मध्ये कंटिन्जंट संपलं, सडक राहिली. तेव्हा वाशीमचा, बासीम नावाचा, वेगळा जिल्हा होता. 1905 मध्ये तो मोडला आणि 1 जुलै 1998 रोजी अकोल्यातून पुन्हा निघाला.

कड

सडकेच्या कडेचा पट्टा कोणाचाच नसतो, आणि म्हणून तिथे सगळे असतात. शेतकऱ्याने नांगरलेलं रान संपतं आणि डांबर सुरू होतं त्यामधली ही दहा-पंधरा पावलं. जुन्या वळणांवर ती अजून जुन्यासारखी आहे. तरोटा गुडघ्याएवढा वाढून शेंगांवर आलेला, आघाडा, कुर्डू, कुठे घाणेरी, आणि गाजरगवत तर विचारूच नका. त्यातूनही मारवेल आणि कुसळीचे पट्टे तग धरून आहेत. मोज्यांत शिरलेली कुसळं संध्याकाळी एकेक उपटताना गवताची ओळख पक्की होते.

तारेवर नीलपंख, म्हणजे चास, बसलेला असतो. दसऱ्याला त्याचं दर्शन शुभ मानतात. शेतकऱ्याला ते एरवीही शुभच, कारण तो टोळ आणि किडे खातो. खाटीक बाभळीच्या काट्यावर नाकतोडे टोचून ठेवतो. वेडे राघू तारेवरून झेपावतात आणि पुन्हा तिथेच येऊन बसतात. सातभाईंची भांडणं चिंचेखाली चालू असतात. यातला कोणताही पक्षी दुर्मीळ नाही. पण हमरस्त्यावर ते का कमी दिसतात आणि सुटलेल्या वळणावर का जास्त, हे चालताना आपसूक लक्षात येतं. इथे फांदी आहे, पडलेलं पान आहे, त्याखाली किडे आहेत.

नव्या रस्त्याच्या दुभाजकात कण्हेर आणि बोगनवेल लावलेली आहे. निवड समजण्यासारखी आहे. कण्हेर विषारी, गुरं तोंड लावत नाहीत, पाणी कमी लागतं, समोरच्या गाडीच्या दिव्यांची तिरीप अडते. रस्त्याच्या कामाला ती चोख. तिच्यावर जगणारे जीव मात्र थोडे. जुन्या वडाच्या एका झाडावर फळांच्या दिवसांत जितके जीव जेवून जातात, तितके या दुभाजकाच्या कित्येक मैलांवर जेवत नसावेत. सावलीचा प्रश्न तर वेगळाच. नव्या महामार्गावर चालणाऱ्याला झाड रस्त्यापासून इतकं लांब असतं की सावली शेतात पडते.

सुटलेल्या तुकड्यांचा गावाला मात्र भरपूर उपयोग. डांबरावर सोयाबीन वाळत घातलेलं, बाजूला सुडी, थ्रेशरचा भुस्सा उडतोय. कुठे शेणाचे उकिरडे, कुठे टीनाचं शेड उभं राहिलेलं, एका ठिकाणी पोरांचं क्रिकेट ऐन रंगात. महामार्ग वळवला की जुना तुकडा बहुधा राज्याच्या बांधकाम खात्याकडे किंवा स्थानिक संस्थेकडे जातो. कागद हलायला वेळ लागतो, शेड उभारायला लागत नाही. मला क्रिकेटचं काही वाटलं नाही. पण झाडाच्या बुंध्याशी पेटवलेला कचरा बघून वाटलं, हे वड रस्तारुंदीकरणातून वाचले ते अशा मरणासाठी नव्हे.

रात्री ही कड वेगळ्यांची असते. सकाळी मऊ मातीत रोह्यांचे खूर उमटलेले दिसतात, रानडुकरांनी उकरलेली ढेकळं दिसतात. रोही म्हणजे नीलगाय. वऱ्हाडातला शेतकरी तिच्याविषयी बोलताना निसर्गप्रेमाने बोलेल ही अपेक्षा ठेवू नये. तूर, हरभरा वाढायला लागला की जागलीला जावं लागतं. थंडीत माच्यावर बसून टीन बडवायचं, फटाके फोडायचे. चौपदरी रस्ता आडवा आला तरी कळप ओलांडायचं सोडत नाहीत. दुभाजकापाशी थबकतात, आणि तिथेच घात होतो.

लादणारे आणि फासे लावणारे

वाशीम जिल्ह्यात सडकेच्या आसपास तांडे पुष्कळ. मानोरा तालुक्यातलं पोहरादेवी हे बंजारा समाजाचं मोठं श्रद्धास्थान. संत सेवालाल महाराजांच्या नावाने तिथे देशभरातून माणसं येतात. ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे बंजारा वारशाचं संग्रहालय उघडलं. आज शेतीत आणि ऊसतोडीत दिसणारा हा समाज पूर्वी लदेणीचा धनी होता. बैलांच्या पाठीवर मीठ, धान्य लादून समुद्रकाठापासून आतल्या मुलखापर्यंत वाहतूक करायची. हजारो बैलांचे काफिले धान्य पोचवत, तेव्हा कुठे फौजा हलत. त्यांची वाट आखलेली सडक नव्हती. चारा आणि पाणी मिळेल तिकडून रुंद पसरत जाणारी होती. पक्क्या सडका आणि रेल्वे आल्या तशी लदेणी बसली, तांडे जिथल्या तिथे स्थिरावले. ज्यांच्या पायांनी वाटा झाल्या त्यांचा धंदा सडकांनी घेतला.

फासेपारधी दुसऱ्या टोकाचे. तितर, लावे, ससे, हरणं फाश्यात पकडणारी जमात. इंग्रजांनी गुन्हेगार ठरवलेली, स्वातंत्र्यानंतरही संशयाखाली जगलेली. त्यांचे बेडे गावाबाहेर माळावर. कोणत्या गवतात कोणता पक्षी अंडी घालतो हे त्यांच्याइतकं कोणाला ठाऊक? अकोला-वाशीम भागात ‘संवेदना’ या संस्थेने कौस्तुभ पांढरीपांडे यांच्या पुढाकाराने हेच ज्ञान उलटीकडून वापरलं: पारध्यांनी शिकार सोडून माळराखण करायची. गुरं केव्हा सोडायची, गवत केव्हा कापायचं, वणवा कसा अडवायचा, हे बेड्याने ठरवायचं. या गवतातला सर्वांत मोलाचा रहिवासी तणमोर. कोंबडीपेक्षाही लहान, पावसाळ्यात नर गवतावरून उंच उडी घेतो, मादीला दिसावं म्हणून. जगातल्या अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत त्याची गणना होते. मला तो दिसला नाही, दिसण्याचा हंगामही सरला होता. गवत मात्र दिसलं, छातीएवढं, आणि त्यातून चालताना दोनदा तितर भर्रकन उठले.

असं गवत उरलं आहे ते बहुतांश सरकारी ई-क्लास जमिनीवर. या जमिनींना नोंदीत पडीक म्हणतात. पडीक म्हटलं की तिथे कोणीतरी काहीतरी करायला धावतो: अतिक्रमण, गोदाम, सौर पट्ट्या, नाहीतर खड्डे खणून वृक्षारोपण. माळावर झाडं लावणं हे पुण्यकर्म समजलं जातं. तणमोराला विचारलं तर तो निराळं सांगेल.

वत्सगुल्म

वाशीममध्ये शिरताना बाह्यवळण सोडून जुन्या रस्त्याने गावात यावं. चौथ्या-पाचव्या शतकात हे वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. 1939 मध्ये इथे विंध्यशक्ती दुसरा या राजाचा ताम्रपट सापडला; वंशावळ संस्कृतात, दानाचा व्यवहार प्राकृतात. राज्याच्या सदतिसाव्या वर्षी राजाने अथर्ववेदी ब्राह्मणांना आकासपद्द नावाचं गाव दिलं. ते गाव नांदीकड म्हणजे नांदेडच्या उत्तर मार्गात, म्हणजे त्या नावाच्या विभागात होतं. वाशीम आणि नांदेड यांचा हा संबंध आजच्या 161 क्रमांकाच्या पाटीहून दीड हजार वर्षं जुना आहे. याच घराण्यातल्या हरिषेणाचा मंत्री वराहदेव याने अजिंठ्याचं सोळावं लेणं कोरवलं. म्हणजे पश्चिमेला अजिंठ्याकडेही इथून माणसं, पैसा, कारागीर जात-येत असणार.

पण मला लेण्यापेक्षा वाशीमजवळच्या हिस्से बोराळ्याचा शिलालेख जवळचा वाटतो. शक 380, म्हणजे इसवी सन 458. देवसेन राजाच्या काळात स्वामिल्लदेव नावाच्या अधिकाऱ्याने ‘सुदर्शन’ नावाचा तलाव बांधला, त्याची ही नोंद. पाणलोटाच्या धारेजवळच्या राजधानीने काय करावं? तळं बांधावं. तेराशे वर्षांनी भोसल्यांच्या काळात भवानी काळूने वाशीमला बालाजी मंदिर उभारलं, तेव्हा गावात तळंही झालंच. पद्मतीर्थ आहे, देव तलाव आहे. गावात एकशेआठ तीर्थं होती असं लोक सांगतात. आज शहर एकबुर्जी धरणाचं पाणी पितं. पद्मतीर्थाच्या पायऱ्यांवर संध्याकाळी बसलेल्या मंडळींना यंदा एकबुर्जी किती भरली हे विचारा, पाटबंधारे खात्याआधी उत्तर मिळेल.

चालायला बंदी

याच जिल्ह्यातून आणखी एक महामार्ग जातो. मुंबई–नागपूर समृद्धी, 701 किलोमीटर, कारंजा, मंगरूळपीर आणि मालेगाव तालुक्यांतून. डिसेंबर 2022 मध्ये नागपूर–शिर्डी टप्पा सुरू झाला, जून 2025 मध्ये पूर्ण रस्ता. त्यावर पायी जाता येत नाही, सायकलने नाही, दुचाकीनेही नाही. दोन्ही बाजूंना कुंपण. कारंजाजवळ तो कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्याच्या भागातून जातो. अठरा चौरस किलोमीटरचं हे छोटं अभयारण्य 2000 सालचं. जनावरांना ओलांडता यावं म्हणून समृद्धीवर वरून आणि खालून वाटा ठेवल्या आहेत. उपाय योग्यच आहे, 161 क्रमांकावर दुभाजकाशी मरणाऱ्या रोह्यांपेक्षा कितीतरी बरा. गंमत एवढीच की काळविटाला रस्ता ओलांडायला पूल आहे आणि कुंपणापलीकडच्या शेतात जायला शेतकऱ्याला फेरा आहे.

नाका

वाशीमच्या दक्षिणेला उतार सुरू होतो. मुरूम मागे पडतो, माती काळी होत जाते, शेतं मोठी होतात. तूर फुलावर येऊ घातलेली. इथे जुन्या सडकेचे तुकडे कमी, म्हणून मी बराचसा पट्टा शेताच्या धुऱ्यांवरून चाललो. धुऱ्यावर चालू देण्यात इथल्या माणसाला काही वाटत नाही, फक्त “कोन्या गावचे?” याचं उत्तर द्यावं लागतं, आणि मग चहा घ्यावा लागतो.

पैनगंगा बुलडाण्याच्या डोंगरातून येते आणि इथे वाशीम-हिंगोलीची हद्द होते. वाशीम जिल्ह्यात या नदीवर अकरा बॅरेज बांधले गेले. कोकलगाव, राजगाव, जुमडा ही त्यांतली काही. दारं टाकली की नदी तलावासारखी उभी राहते. पूर्वी हिवाळ्यानंतर वाळू उघडी पडे, टरबुजांच्या वाड्या लागत, टिटव्या आणि वाळूवर अंडी घालणारे पक्षी असत. आता पाणकावळे, बगळे, ढोकऱ्या ठाण मांडून आहेत. काठावर मोटारींचे पाइप पाण्यात सोडलेले. पाणी अडलं तरी मोटार चालवायला विजेची सोय व्हायला वर्षं गेली, अशी तक्रार काठावरच्या गावांत सगळीकडे ऐकू येते. एक शेतकरी म्हणाला, “पानी दिसते भाऊ, उचलाले वीज पायजे.” धारेवरच्या मुलखाला अखेर नदी मिळाली, ती अशी.

पूल ओलांडला की मराठवाडा, आणि थोड्याच अंतरावर कन्हेरगाव नाका. अलीकडे इंग्रजांचं वऱ्हाड, पलीकडे निजामाचं राज्य. निजामाच्या सीमेवर येणाऱ्या-जाणाऱ्या मालावर जकात बसे, तिला करोडगिरी म्हणत. सरकी, कापूस, कापड, गूळ, सगळं उतरवून दाखवायचं. गाडीवाले रात्र काढत, आणि काही जण नाका टाळून नदीच्या उतारातून माल नेत, असं दोन्हीकडची म्हातारी माणसं आवडीने सांगतात. 1948 मध्ये हैदराबाद संस्थान भारतात आलं, पुढे काही वर्षांत करोडगिरी उठली, 1956 मध्ये विदर्भ आणि मराठवाडा एका राज्यात आले. नाक्याला आता हॉटेलं, खताची दुकानं आणि प्रवाशांची गर्दी.

चौकात चहा पीत उभा होतो. हॉटेलवाल्याने पाठपिशवीला लागलेली कुसळं पाहिली आणि विचारलं, “कुठून, वाशीमहून पायी? काल एक ट्रकवाला म्हणत होता, सडकेनं कोणीतरी याडं चाललंय. तुमीच का?” मी होय म्हटलं. त्याने दुसरा चहा पुढे सरकवला आणि हिंगोलीची गाडी किती वाजता आहे ते सांगितलं.